म्हाळुंग्याच्या शिवेवरचा उपांत्य सामना

मुळशी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात ज्या गोष्टी उभ्या राहतात त्यांची यादी बव्हंशी ठरलेली आहे : टाटांचे धरण आणि त्याविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये सुरू झालेला सेनापती बापटांचा सत्याग्रह, ताम्हिणीचा पाऊस, आंबेमोहोराची खाचरे, जत्रांतल्या कुस्त्या, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हिंजवडीच्या माळावर उगवलेली संगणक-कंपन्यांची काचेची नगरी. या यादीत फुटबॉलला जागा नाही, आणि ती असावी असे कोणी पौडच्या बाजारात म्हटलेच तर ऐकणारे त्याच्याकडे कौतुकाने कमी आणि कीव करीत अधिक पाहतील. तथापि आशिया खंडातील स्त्रियांच्या फुटबॉलमधल्या सर्वोच्च स्पर्धेचा, जिच्यासाठी जपान, कोरिया, चीन आणि ऑस्ट्रेलिया यांसारखी बलाढ्य राष्ट्रे चार-चार वर्षे तयारी करतात त्या आशियाई चषकाचा, चीन-जपान उपांत्य सामना ३ फेब्रुवारी २०२२ या दिवशी याच तालुक्याच्या पूर्व हद्दीवर, म्हाळुंगे आणि बालेवाडी या दोन गावांच्या शिवेवर उभ्या असलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळला गेला. म्हाळुंगे गाव त्याआधी काही महिनेच, जून २०२१ च्या अखेरीस, पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत घेतले गेले होते. महसुलाच्या दप्तरात मात्र त्याची नाळ मुळशीशीच जोडलेली.

एवढा मोठा प्रसंग दाराशी येऊन गेला, आणि तो पाहिलेला माणूस मात्र आसपासच्या वाड्या-वस्त्यांत शोधूनही सापडत नाही. याचे कारण सरळ आहे. करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे संपूर्ण स्पर्धा प्रेक्षकांविना खेळवली गेली. संकुलाच्या दारापाशी बंदोबस्त होता, आत येण्यास मज्जाव होता, आणि दहा-बारा हजार माणसे सामावून घेणाऱ्या गॅलरीत खुर्च्यांच्या रिकाम्या रांगांवाचून कोणी नव्हते. दूरचित्रवाणीवर तरी किती मराठी डोळे त्या स्पर्धेकडे लागले असतील? तिचा अंतिम सामना ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत झाला, आणि त्याच रविवारी सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या. अवघा महाराष्ट्र त्या दिवशी पडद्यासमोर बसून होता हे खरे, पण पडद्यावर शिवाजी पार्क होते. मैदानात चेंडू कोणी कोणाकडे दिला याची खबर घेण्याच्या मनःस्थितीत या मुलखातले कोणीच नव्हते, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचेही कारण नाही.

प्रेक्षक हा खेळाचा केवळ उपभोक्ता आहे, खेळ त्याच्यावाचून पूर्ण असतो आणि तो नुसता येऊन पाहतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती तपासून पाहण्याची संधी त्या स्पर्धेने दिली. प्रेक्षक नसताना सामना घडतो, निकाल लागतो, चषक दिला जातो, अधिकृत कागदपत्रांत त्याची नोंद होते. परंतु ज्या भूमीवर तो घडला तिच्या स्मरणात तो शिरत नाही. त्याची आठवण राहते ती हजारो कोस दूर, जिथे कोणीतरी ओरडले, रडले, शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारली, तिथे.

प्रथम तो अंतिम सामनाच पाहू. दक्षिण कोरियाच्या स्त्रिया त्या दिवशी आशियाई चषकाच्या इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत उतरल्या होत्या. चीनने ही स्पर्धा पूर्वी आठ वेळा जिंकलेली, परंतु शेवटचे विजेतेपद २००६ चे, म्हणजे सोळा वर्षांपूर्वीचे. सत्ताविसाव्या मिनिटाला छोए यू-री हिने कोरियाचा पहिला गोल केला. मध्यंतरापूर्वीच्या अखेरच्या क्षणांत चिनी खेळाडूच्या हाताला चेंडू लागल्याचा कौल झाला आणि कोरियाची सर्वांत नामांकित खेळाडू जी सो-युन हिने पेनल्टीवर दुसरा गोल चढवला. दोन गोलांची आघाडी आणि निम्मा सामना बाकी, हा फुटबॉलमधला असा टप्पा असतो की ज्या वेळी आघाडीवरच्या संघाचे समर्थक आनंदाने गाऊ लागतात आणि पिछाडीवरच्यांचे समर्थक आपल्याच प्रशिक्षकाची कुळकथा काढतात. इथे गाणारेही नव्हते आणि शिव्या देणारेही. प्रक्षेपणात ऐकू येत होत्या त्या गोलरक्षकांच्या सूचना, राखीव बाकांवरून आलेल्या हाका, आणि बुटाचा चेंडूला बसणारा कोरडा आवाज.

चीनच्या प्रशिक्षिका शुई छिंग-श्या स्वतः १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघातून खेळलेल्या. मध्यंतरानंतर त्यांनी चांग लिन-यान ही चणीने लहान, तरुण खेळाडू मैदानात उतरवली. अडुसष्टाव्या मिनिटाला आता कोरियाच्या हाताला चेंडू लागला, आणि थांग च्या-ली हिने पेनल्टीवर एक गोल फेडला. पुढच्या चारच मिनिटांत त्याच थांग च्या-लीने उजवीकडून चेंडू उचलून दिला आणि चांग लिन-यानने तो डोक्याने जाळ्यात घातला. बरोबरी. सामना जादा वेळात जाणार अशी खूणगाठ सर्वांनी बांधलेली असताना, निर्धारित नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर तिसऱ्या मिनिटाला, श्याओ यू-यी या बदली खेळाडूने तिसरा गोल केला, आणि राखीव बाकावरच्या चिनी मुली मैदानात धावत सुटल्या. एखाद्या भरलेल्या प्रेक्षागारात असा गोल झाला असता तर त्या आवाजाने बाहेरच्या रस्त्यावरची वाहने क्षणभर थबकली असती. इथे जल्लोष केला तो खेळणाऱ्यांनीच.

पण चीनमध्ये काय झाले? तिथे चांद्र नववर्षाची सुट्टी चालू होती आणि बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक नुकतेच सुरू झाले होते. त्या नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, चीनचा पुरुषांचा संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत व्हिएतनामकडून १-३ असा पराभूत झाला होता, आणि ऐन सणात झालेल्या या मानहानीने चिनी समर्थकांचा जो संताप उसळला त्याला आपल्याकडच्या क्रिकेटमधल्या एखाद्या पराभवाचीच उपमा शोभेल. दोनच दिवसांनी म्हाळुंग्यात त्यांच्या स्त्रियांनी गतविजेत्या जपानशी एकशे एकोणिसाव्या मिनिटाला बरोबरी साधून पेनल्टींवर उपांत्य सामना जिंकला, आणि रविवारी नवी मुंबईत अंतिम सामनाही. पुरुषांवरचा राग आणि स्त्रियांवरचे कौतुक ही दोन्ही एकाच वाक्यात बोलण्याची सोय त्या विजयाने करून दिली, आणि चिनी समर्थकांनी ती पुरेपूर वापरली. व्यापारी कंपन्यांनी इनामे जाहीर केली, आणि ज्यांनी कधी स्त्रियांचा सामना पाहिला नव्हता तेही रातोरात त्यांचे भक्त झाले. समर्थकाची प्रतिक्रिया ही समोरच्या सामन्याला दिलेली नसते, मागच्या अनेक सामन्यांच्या थकबाकीसह ती वसूल केली जाते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

आणखी एक प्रसंग म्हाळुंग्याच्या मैदानावरचा, आणि माझ्या मते तो अंतिम सामन्याहूनही लक्षात ठेवण्याजोगा. ३० जानेवारीला फिलिपिन्स आणि चिनी तैपेई यांची उपांत्यपूर्व लढत १-१ अशी सुटली आणि पेनल्टींवर गेली. ऑलिव्हिया मॅकडॅनियल या फिलिपिनो गोलरक्षिकेने दोन फटके अडवले, एक फटका स्वतः मारून गोल केला, आणि सरिना बोल्डन हिच्या निर्णायक फटक्याने फिलिपिन्स हे राष्ट्र पहिल्यांदाच विश्वचषकास पात्र ठरले. स्त्रियांत तर नाहीच, पुरुषांतही त्यांना तोवर ते साधले नव्हते. त्या वेळी तिथे टाळी वाजवायला बाहेरचा एकही माणूस नव्हता. दीड वर्षाने, २५ जुलै २०२३ रोजी, वेलिंग्टनला तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे, आणि तेही यजमान न्यूझीलंडच्याच विरुद्ध, याच सरिना बोल्डनने विश्वचषकातला फिलिपिन्सचा पहिला गोल केला आणि याच मॅकडॅनियलने अखेरपर्यंत जाळे राखले. परदेशी स्थायिक झालेल्या फिलिपिनो कुटुंबांची गर्दी त्या दिवशी वेलिंग्टनच्या गॅलरीत जी नाचली ती जगाने पाहिली. त्या नाचाचे मूळ म्हाळुंग्याच्या गवतात आहे, ही गोष्ट मात्र त्यांनाही ठाऊक असेल की नाही याची शंकाच आहे, आणि आपल्याला तर ती नव्हतीच.

यजमान भारताची कैफियत तर याहून खेदजनक. २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि २३ तारखेच्या सामन्याआधी बारा खेळाडू करोनाबाधित निघाल्याने नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा जणी उभ्या करणे अशक्य होऊन भारताला स्पर्धेतूनच बाहेर पडावे लागले. स्वतःच्या घरचे कार्य, आणि घरची माणसे पहिल्याच पंगतीत उठून गेली.

प्रेक्षकांच्या असण्या-नसण्याने खेळात नेमके काय बदलते याचा शोध शास्त्रज्ञांनी करोनाच्या पुष्कळ आधीपासून घेतलेला आहे. इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चाळीस पात्रताधारक पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील सत्तेचाळीस धक्काबुक्कीचे प्रसंग पडद्यावर दाखवले गेले. काहींना प्रेक्षकांच्या गदारोळासह, बाकीच्यांना संपूर्ण शांततेत. ज्यांनी गदारोळ ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी नियमभंग दिले. पंच पक्षपाती नव्हते, विकले गेले नव्हते. हजारो माणसांचा हुंकार कानावर पडला की न्यायाधीशाच्या मनातही संशयाचा फायदा कोणास द्यावा याचे पारडे नकळत हलते, इतकेच. पुढे १६ मे २०२० पासून जर्मनीतील बुंडेसलिगा रिकाम्या प्रेक्षागारांत सुरू झाली, पाठोपाठ इतर देशांतही तसेच झाले, आणि मग जो प्रयोग कोणी हेतुतः करू धजले नसते तो संपूर्ण युरोपभर आपोआप घडून आला : पाहुण्या संघांना मिळणारी जादा पिवळी कार्डे घटली, आणि यजमानपणाचा लाभ बऱ्याच ठिकाणी आखडला. म्हणजे गॅलरीत बसून घसा कोरडा करणाऱ्या माणसाचा ‘आपल्या ओरडण्याने सामना फिरतो’ हा दावा, ज्याला आपण आजवर भाबडेपणा समजत आलो, तो अगदीच निराधार नाही.

उलट बाजूने, सामना प्रेक्षकाच्या शरीराचे काय करतो याचेही मापन झालेले आहे. १९९४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्राझील आणि इटली यांच्यात पेनल्टींवर सुटला; त्या दिवशी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या दोन्ही देशांच्या पुरुष समर्थकांच्या लाळेचे नमुने सामन्याआधी आणि नंतर घेतले गेले, तेव्हा जिंकलेल्या ब्राझीलच्या समर्थकांत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण चढलेले आणि इटलीच्या समर्थकांत उतरलेले आढळले. हे गृहस्थ दिवसभर खुर्चीवरून हललेही नव्हते. याहून गंभीर निष्कर्ष म्युनिकच्या वैद्यांचा. २००६ चा विश्वचषक जर्मनीत भरला असताना, ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट होत, आणि सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत त्यांचा भर सर्वाधिक असे. पुरुषांत ही वाढ स्त्रियांपेक्षा जास्त होती. आपल्याकडे वडीलधारी माणसे सामना रंगला की ‘मला नाही बघवत’ म्हणून उठून अंगणात जातात. त्यांची आपण थट्टा करतो, पण हृदयरोगतज्ज्ञांना ती करवणार नाही.

परंतु शरीरातील संप्रेरके मोजून एक प्रश्न सुटत नाही. इटलीच्या माणसाने इटलीसाठी उदास व्हावे हे समजते. कोल्हापुरातल्या एखाद्या गल्लीतला तरुण, ज्याने सांगली-मिरजेपलीकडचा मुलूख फारसा पाहिलेला नाही, तो अर्जेंटिना हरल्यावर दोन दिवस जेवत नाही, आणि त्याच्या समोरच्या घरातला त्याचा चुलतभाऊ ब्राझीलच्या पराभवावर पेढे वाटतो, याची संगती कशी लावायची?

याचे उत्तर मला फुटबॉलच्या मैदानापेक्षा कुस्तीच्या फडात लवकर सापडते. मुळशीतल्या कोणत्याही गावची जत्रा घ्या. दुपार कलली की शेताच्या मोकळ्या तुकड्यात आखाडा सजतो. भोवती माणसे उकिडवी, मांडी घालून, मागची उभी, त्यामागची बैलगाडीवर नि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आधी पोराटोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या होतात, मग हळूहळू इनामाची रक्कम चढत जाते, हलगीचा ठेका जलद होतो, आणि अखेरच्या मानाच्या कुस्तीला दोन नामांकित मल्ल हातात हात देतात. त्या क्षणापर्यंत तिथल्या बहुसंख्य लोकांचा त्या दोघांशी काडीचाही संबंध नसतो. दोघेही परगावचे, सुपारी घेऊन आलेले. पण हात मिळाला की फडाची दोन शकले होतात. ज्याला त्याला आपला मल्ल निवडावाच लागतो. एक म्हातारा फेटा सावरीत अर्धवट उठतो आणि ‘पट काढ, पट काढ की लेका’ म्हणून पुटपुटतो. त्याच्या शेजारचा, ज्याच्याशी तो आताच तंबाखूची देवघेव करीत होता, त्याच्याकडे शत्रूच्या नजरेने पाहतो. आखाड्यातला मल्ल डाव टाकतो तेव्हा बाहेरच्या शंभर माणसांचे खांदे त्याच दिशेला वळतात. चितपट झाली की एक बाजू उठून आत धावते आणि दुसरी धोतराची माती झटकीत ‘जोड बरोबरीची नव्हती’ असा निवाडा देते. कोणाचा का होईना, पण पक्ष घेतल्यावाचून पाहणे म्हणजे पाहणेच नव्हे, हा या मातीतल्या प्रेक्षकाचा जुना दंडक आहे.

कोल्हापूरचा फुटबॉल याच मुशीतून निघाला. तिथले संघ हे मुळात तालमी आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल; सोबत शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब यांसारखी मंडळे. ज्या नगरीत शाहू महाराजांच्या कारकिर्दीत खासबागेचे कुस्तीचे मैदान घडले, त्याच नगरीतल्या शाहू स्टेडियमवर आज पेठांची इभ्रत चेंडूने ठरते. प्रेक्षक येतात ते आपल्या पेठेच्या वतीने साक्ष द्यायला, आणि साक्षीचा आवेश कधी इतका वाढतो की पोलिसांचा बंदोबस्तही अपुरा पडून हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागतात. अशा गावाला चार वर्षांनी एकदा विश्वचषकाचा महिना लाभतो आणि भारताचा संघ त्यात नसतो, तेव्हा ते काय करणार? ते देश निवडते. गल्लीच्या तोंडाशी मेस्सीचा फलक लागला की पुढच्या चौकात नेमारचा त्याहून उंच फलक चढतो. पताका, झेंडे, भिंतीवरची चित्रे यांनी पेठा नटतात. भूगोलाच्या परीक्षेत दक्षिण अमेरिकेचा नकाशा कोरा सोडलेली मुले अर्जेंटिनाच्या झेंड्यातला सूर्य बिनचूक काढतात.

आणि देश निवडताना हे दोनच का? युरोपातल्या देशांशी आपला संबंध राज्यकर्ते आणि रयत असा राहिला, ब्राझील-अर्जेंटिनाशी तो कधी नव्हता, हे एक कारण सांगितले जाते आणि ते काही अंशी पटते. परंतु मोठे कारण म्हणजे १९८६ साल. मेक्सिकोत भर दुपारी सुरू होणारे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला दूरदर्शनवर दिसत, आणि घरातल्या लहानांना एरवी झोपायला पिटाळणारी मोठी माणसे त्या जून महिन्यात त्यांना शेजारी बसवून घेत. २२ जूनला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध पहिला गोल हाताने केला आणि त्यानंतर चारच मिनिटांनी निम्मे मैदान एकट्याने कापून दुसरा केला. लबाडी आणि दैवी कौशल्य एकाच माणसात, एकाच खेळीत, आणि समोर इंग्रज. आपल्या लोकांना यापेक्षा अधिक काय हवे होते! त्या रात्री जे अर्जेंटिनाचे झाले त्यांनी ती निष्ठा मुलाबाळांना वतनासारखी दिली. छत्तीस वर्षांनी, १८ डिसेंबर २०२२ ला, विश्वचषकाचा लुसैल येथील अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला, म्हणजे जेवणाच्या वेळी लागला; ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे, मग फ्रान्सच्या एम्बापेने दीड-पावणेदोन मिनिटांत दोन गोल फेडले, जादा वेळात ३-३, आणि अखेर पेनल्टींवर ४-२. कोल्हापुरात फटाके वाजले, मोटारसायकली निघाल्या, आणि बापाकडून वतन मिळालेल्या पोरांनी ते पहिल्यांदा स्वतःच्या नावावर करून घेतले.

गोव्यातला मामला निराळा आहे, कारण तिथे निवडलेल्या देशाचा इतिहास घरातच राहून गेलेला आहे. २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला क्रिस्तियानो रोनाल्डोचा चारशे किलोंहून अधिक वजनाचा पितळी पुतळा बसवला गेला. तरुणांना प्रेरणा मिळावी हा हेतू. परंतु मुक्तीच्या साठाव्या वर्षी पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा कशासाठी, गोमंतकीय फुटबॉलपटूचा का नको, असे विचारीत काही लोक काळे झेंडे घेऊन तिथे उभे राहिले. दोन्ही बाजूंचे लोक फुटबॉलप्रेमीच होते, हे विशेष.

मुळशीत अशा निष्ठा अजून रुजावयाच्या आहेत. पौडच्या पुढे डोंगरावर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे जगाच्या नाना देशांतली मुले शिकतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांचा देश विश्वचषकात प्रत्यक्ष खेळत असतो. त्यांचे समर्थकपण जन्मसिद्ध. हिंजवडीत रात्रपाळी करणारा विदर्भातला नाही तर मराठवाड्यातला अभियंता युरोपातल्या एखाद्या क्लबाचा सदरा घालून फिरतो. त्याची निष्ठा वर्गणी भरून, उपग्रहावाटे आलेली. आणि बालेवाडीच्या गॅलरीत २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटीच्या सामन्यांना नारिंगी रंगात बसणारी ‘ऑरेंज आर्मी’ ही तिसरी जात. पहिल्याच वर्षी तिने फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आपल्या संघात खेळताना पाहिला. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला, त्याची लीगमधली जागा हैदराबादकडे गेली, आणि इतक्या हौसेने शिकलेल्या घोषणा कोणासाठी द्यायच्या हा प्रश्न त्या मंडळींपुढे राहिला. संघ हरला तर समर्थक टिकतो. संघच नाहीसा झाला तर त्याची अवस्था फार विचित्र होते.

दूरच्या संघासाठी जागणारा आणि जवळच्या संघाकडे न फिरकणारा, या विसंगतीला आपल्याकडे एकदा भर सभेत बोलावे तसे बोलले गेले, आणि ते बोलणारा माणूस भारतीय संघाचा कर्णधार होता. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात इंटरकॉन्टिनेंटल चषक या चार देशांच्या स्पर्धेचा पहिला सामना झाला. भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि हे पाहायला २,५६९ माणसे आली. मुंबईची लोकसंख्या लक्षात घेता हा आकडा वाचताना संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक ध्वनिचित्रफीत प्रसृत केली. तिचा आशय असा होता की युरोपातल्या क्लबांच्या चाहत्यांनो, आमचा दर्जा तितका नाही हे आम्हाला मान्य आहे. पण मैदानावर या, आमच्यावर टीका करा, ओरडा, हवे तर तोंडावर शिव्या द्या, आमच्यासाठी टाळ्याही वाजवा, कोण जाणे एक दिवस तुमचे मत बदलेल. खेळाडूने प्रेक्षकांकडे स्तुती मागणे नेहमीचे आहे. शिव्या द्यायला या अशी विनंती करणारा कर्णधार मी तरी दुसरा ऐकलेला नाही. कुस्तीच्या फडाला त्याचे म्हणणे तत्काळ समजले असते.

सचिन तेंडुलकर आणि विराट कोहली यांनी त्या आवाहनाला जाहीर पाठिंबा दिला, आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे आधीच संपली. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. मृगाआधीचा मुंबईचा पाऊस त्या संध्याकाळी असा कोसळला की पहिल्या अर्ध्यात मैदानात पाणी साचून चेंडू जागच्या जागी अडू लागला, पण उघड्या भागातले लोकही जागा सोडून गेले नाहीत. ८,९९० माणसांनी चिंब भिजत तो सामना पाहिला. गोल व्हायला अडुसष्टावे मिनिट उजाडावे लागले : छेत्रीची पेनल्टी, मग तीन मिनिटांत त्याचा सहकारी जेजे याचा गोल, आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. सामना संपल्यावर सर्व खेळाडू गॅलरीसमोर जाऊन उभे राहिले आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर त्यांनीही हात उंचावून टाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी न्यूझीलंडने भारताला २-१ असे हरवले, आणि १० जूनला अंतिम सामन्यात केनियाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा छेत्रीने पहिल्या अर्ध्या तासातच दोन गोल करून चषक भारताच्या पदरात टाकला.